कोणचा मन्मथ?

उदगीरच्या मोंढ्यामागं, डाळमिलच्या ऑफिसात
संध्याकाळी साडेसहाला मी मॅक्रो चालवते.
दिवसभराच्या आवकेची एकेक पावती-फाइल,
माल आणणाऱ्याच्या नावानं.
आधीची चुकती झालेली; तिच्यावर आजची बसवायची.
आणि दर वेळी खिडकी उघडायची:
या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू?
त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस खिडक्या.
मागं चाळण्यांची धडधड, टेबलावर चुणीची पिवळी धूळ,
कीबोर्डच्या फटींतसुद्धा तूर.

मालक म्हणाले, "काय विचारलालंय ते सारखं?
आन् तू बी हो, हो म्हणत बसतीस.
गप कर त्याला."

गप करणं एका ओळीचं काम.
सेव्हच्या आधी: इशारे बंद.
सेव्ह झालं की: इशारे चालू.
लिहिली. पडदा एकदा मिचकावला
आणि त्रेचाळीस फाइली जिथल्या तिथं,
दिवसाची शीट पुसून कोरी.
मालकांनी चहा सांगितला, माझ्यासाठी पहिल्यांदाच.

खाजामियाँ मुनीम होते तेव्हा
वही उघडायच्या आधी चष्मा कपाळावर ढकलून ओरडायचे,
"मन्मथ? कोणचा मन्मथ? हाळीचा का देवर्जनचा?"
रांग थांबायची.
हमाल पाठीवरच्या कट्ट्यासकट तसाच उभा, मनात शिव्या घालत.
फार विचारतात, म्हणून त्यांना शाल-नारळ दिला.
त्याच महिन्यात कॉम्प्युटर आलं, आणि मी.

मार्चमधल्या एका मंगळवारी दोन्ही मन्मथ आले.
देवर्जनचा सकाळी: अकरा क्विंटल चाळीस किलो.
हाळीचा दुपारी: दोन क्विंटल, तीही ओलसर.
आडनाव दोघांचं स्वामी.
साडेसहाला पडदा मिचकावला.

शुक्रवारी देवर्जनचा मन्मथ खिडकीशी येऊन म्हणाला,
"बाई, माझी तूर दोनच क्विंटल कशी?"
आवाज चढवला नाही त्यानं.
तेच लागलं.

रात्री मी त्या ओळीबद्दल नीट वाचलं, आधी वाचायला हवं होतं ते.
ती खिडकी विचारते तेव्हा
तिचं स्वतःचं बोट 'नाही'वर टेकलेलं असतं.
झोपेत एंटर दाबला तरी जुनं वाचतं.
पण तिला गप केलं
की मशीन आपल्या मनानं 'हो' धरतं.
विचारलं, तर नाही.
न विचारता, हो.
का कोण जाणे, लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं,
अंगठीनं त्यात लिहिलेलं माझं नवं नाव.
तांदूळ नंतर कुणीतरी शिजवलेच असतील.

सकाळी चौबाऱ्याजवळ खाजामियाँच्या घरी गेले.
म्हटलं, चाचा, मन्मथचं वजन गेलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"कोणचा?"
मग म्हणाले, "जाताना काट्यावरच्या पोराला सांगून आलो होतो,
कार्बन फाडू नको, तारेला खोव.
बघ जा."

तारेला होती.
वर बुधवार, खाली सोमवार, मध्ये ती,
फोलात माखलेली, निळे आकडे अर्धे उडालेले:
११.४०.
पोरगं म्हणालं, ह्या तारेकडं कुणी येत नाही.

ओळ मी काढली नाही. बेचाळीस वेळा ती कामाचीच आहे.
नावापुढं गावाचा रकाना केला,
आणि ओळीच्या आधी एक अट:
आजच्याच तारखेची फाइल दिसली तर गप बसू नको.

काल खिडकी उघडली.
मालक आतून म्हणाले, "परत विचारलालंय का ते?"
"व्हय," म्हटलं.
दारात हमाल, पाठीवर कट्टा, तोंड वाकडं.
टेकव खाली, म्हटलं त्याला.
बघू दे कोणचा ते.